सुट्टीत पोराबाळांना घेऊन अंदमान, इंदूरहून निघायचं असेल तर

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा, हॉटेलचे फोटो नंतर बघा. आपल्या इकडे शाळांना साधारण १ मे ते १५ जून सुट्टी असते आणि घरोघरी ठरलेलं गणित असतं, आधी मामाकडे, मग कुणाकुणाची लग्नं, आणि मग मे संपता संपता "चला कुठंतरी जाऊन येऊ". अंदमानला जायचं तर हे गणित उलटं करा. मान्सून १ जूनला केरळात येतो हे आपण सगळे शाळेत शिकलो, पण त्याआधी तो अंदमानात पोचलेला असतो हे कुणी डोक्यात ठेवत नाही. साधारण २०-२२ मेच्या आसपास तिकडे पावसाची सुरुवात होते, २०२५ मध्ये तर १३ मेलाच झाली होती. म्हणजे आपण इथं घामाघूम होऊन कूलरमध्ये पाणी भरतोय आणि तिकडे समुद्र खवळायला लागलाय. म्हणून रिझल्ट लागला की निघा, १० मेच्या आत परत या. मामा कुठं पळून जात नाही.

हे मी शहाणपणा म्हणून नाही सांगत, आम्ही हेच चुकलो. मेचा शेवटचा आठवडा धरला, कारण रामबागेतल्या एका चुलत दीराचं लग्न २० ला होतं, आणि नील बेटावर असताना वारा सुटला, पाऊस, बोटी बंद. दुसऱ्या दिवशी दुपारचं परतीचं विमान. जेट्टीवर सासूबाई बॅगेवर बसलेल्या, पोरं चिप्स खातायत, आणि आमचे हे फोनवर. बोटीचे पैसे परत आले, विमानाचे कुठले येतात, पाच जणांची तिकिटं नव्यानं काढली आणि ती पण ऐनवेळच्या भावात. तेव्हापासून एकच नियम, परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. एजंट म्हणेल की मॅडम सकाळच्या बोटीनं येऊन दुपारचं विमान आरामात मिळतं, त्याला हो हो म्हणा आणि आपलंच करा.

बुकिंगचा क्रम पण असाच ठरलाय, आधी विमान, मग बोटी, मग हॉटेल. लोक उलटं करतात, हॉटेल आवडलं म्हणून घेतात आणि मग त्या दिवशी बोटच मिळत नाही. इंदूरहून कोलकाता, चेन्नई, हैदराबाद असं कुठूनतरी बदलून जावं लागतं, कोलकाता किंवा चेन्नईहून पुढे सव्वादोन तास. दोन विमानांमध्ये दीड-दोन तास तरी ठेवा आणि जमलं तर एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं लेट झालं तर पुढची जबाबदारी त्यांची. दोन वर्षांवरच्या मुलाचं तिकीट सीटसकट लागतं. मुलांची आधारकार्डं जवळ ठेवा, आमच्या धाकट्याच्या कार्डावर तो सहा महिन्यांचा आहे पण चालतं.

नावांचा घोळ आधीच समजून घ्या. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही २०१८ ची नावं, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तोंडी सगळे जुनंच म्हणतात पण तिकिटावर नवं येऊ शकतं, तेव्हा घाबरून एजंटला फोन नको. सरकारी बोटी स्वस्त, खासगी कॅटामरान महाग पण एसी आणि लवकर पोचवणाऱ्या, सुट्टीत दोन्ही भरतात. कुठल्या जेट्टीवरून सुटते ते तिकिटावर नीट वाचा, जेट्ट्या वेगवेगळ्या आहेत.

दिवस किती, तर सहा रात्री पुरेत. पोर्ट ब्लेअर दोन, हॅवलॉक दोन, नील एक, परत पोर्ट ब्लेअर एक. बाराटांग बेट लहान मुलं असतील तर सोडा असं माझं मत. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जारवा आदिवासींच्या जंगलातून गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळीच सोडतात, तिथं थांबायचं नाही, फोटो काढणं गुन्हा आहे, आणि मुळात माणसं बघायला जायची ही कल्पनाच मला पटत नाही. तिथल्या चुनखडीच्या गुहा छान आहेत म्हणे, मोठी झाली की जातील.

आता सूर्याचं. घड्याळ आपलंच पण जागा इतकी पूर्वेला की मेमध्ये पहाटे पाचला लख्ख उजेड आणि संध्याकाळी पावणेसहाला दिवस बुडाला. इंदूरला सात वाजेपर्यंत पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात, तिकडे साडेपाचला समुद्रातून बाहेर या म्हणावं लागतं आणि मग रडारड. म्हणून सुट्टी असली तरी साडेपाचला उठवा, हॅवलॉकला सकाळी कालापत्थर बीच करा, तो पूर्वेकडे आहे, दुपारी बारा ते तीन खोलीत झोपा, आणि साडेतीनला राधानगर बीचला पोचा, सूर्यास्त तिथलाच. दुपारी बाराच्या उन्हात पोरांना वाळूत सोडलं तर रात्री पाठीला कोरफड लावत बसावं लागतं, आम्ही बसलोय.

पाण्याबद्दल एक सांगते. आपल्या मुलांचं पाणी म्हणजे स्विमिंग पूल आणि पावसाळ्यात पातालपाणीचा धबधबा लांबून बघायचा. समुद्र ओढतो हे त्यांना माहीतच नसतं. लाइफगार्ड म्हणेल तिथंच, गुडघ्यापर्यंतच, आणि एक मोठा माणूस फक्त बघायला, त्यानं फोन हातात घ्यायचा नाही. काही ठिकाणी मगरीचे बोर्ड आहेत, ते शोभेचे नाहीत, खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरंच असतात. स्नॉर्कलिंगसाठी हॅवलॉकचा एलिफंट बीच, लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं मागा, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते कानापर्यंत वर येतं. स्कूबा साधारण दहा वर्षांपुढे. नीलला जाल त्या दिवशीची ओहोटी कधी आहे ते हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच विचारा, लक्ष्मणपूरची ती दगडी कमान ओहोटीतच नीट दिसते, आणि भरतपूरला तर पाणी इतकं मागं जातं की पोरं विचारतात समुद्र कुठं गेला.

मानपूरच्या घाटात ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणारच. गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी, सुटल्यावर नाही, आणि मुलांचा डोस निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. खालच्या मजल्यावर, मधल्या-मागच्या सीटा, मोबाईल बंद. सासूबाई आवळासुपारी चघळत खिडकीतून लांबच्या रेघेकडे बघत बसल्या, त्यांना काही झालं नाही, ज्यानं हॉटेलात चार पुऱ्या हाणल्या होत्या त्याचं मी सांगत नाही.

सेल्युलर जेल पहिल्या दिवशीच करा, शेवटी ठेवलं की थकलेली पोरं ओढत न्यावी लागतात. सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात. सावरकर १९११ ला तिथं पोचले, थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच तिथं होते, आणि कितीतरी दिवस एकमेकांना भेटता आलं नाही, हे आजीनं वाटेत सांगितलं होतं म्हणून आमची थोरली त्या कोठडीसमोर गप्प उभी राहिली. कोलू म्हणजे तेलाचा घाणा दाखवा, बैलाच्या जागी माणूस जुंपत हे बघितल्यावर वेगळं समजवावं लागत नाही. बंद कधी असतं ते आधी विचारा, संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची तिकिटं पण आधी.

बाकी फुटकळ. बहुतेक विमानांत १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, त्यात सेव, जिरावन मसाला आणि पोह्याचं पाकीट बसतं, न्याच, तिकडे भाजीपाला बराचसा बाहेरून येतो म्हणून महाग. शाकाहारी जेवण मिळतं, हिंदी सगळ्यांना येते, त्यामुळे परकं वाटत नाही. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, बेटांवर एटीएम मोजके. नेट पूर्वीसारखं वाईट नाही, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तरी तिकिटं फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक प्रिंट काढा.

आणि निघायच्या आदल्या रात्री पोरांच्या बॅगा स्वतः उपसा. शंख, शिंपले, पोवळं काहीही किनाऱ्यावरून उचलून आणता येत नाही, एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये दिसतं. दुकानातून घेतलं असेल तर बिल हवं, सागरिका नावाचं सरकारी एम्पोरियम आहे तिथून घ्या. आमच्या धाकट्यानं एक मुठीएवढा शंख सॉक्समध्ये घालून तो सॉक्स बुटात कोंबला होता. शंख तिथंच ट्रेमध्ये राहिला. त्या सॉक्समधली वाळू मात्र इंदूरला आली, वॉशिंग मशीनमधून अजून निघतेय.