गोव्यात बसून टीव्हीसाठी म्युझिक द्यायचंय? लायब्ररीला कसं गाठायचं ते बघा

म्हापशापासून काणकोणपर्यंत घरात लॅपटॉप, कीबोर्ड आणि एक बऱ्यापैकी माईक असलेले संगीतकार ढिगाने आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, टीव्हीवर आपलं म्युझिक लागायला मुंबईत ओळख लागते ना? ओळख असली तर बरंच आहे. पण कुकिंग शो, क्राइम शो, डॉक्युमेंटरी, मॅचच्या आधीचे प्रोमो ह्यांच्या मागे जे वाजतं त्यातलं बरंचसं त्या कार्यक्रमासाठी मुद्दाम केलेलं नसतं, ते लायब्ररीतून, म्हणजे तयार ट्रॅकचा साठा ठेवून ते वापरायला देणाऱ्या कंपनीकडून, उचललेलं असतं. लंडनची डी वुल्फ १९०९ पासून ह्या धंद्यात आहे, शिवाय युनिव्हर्सल प्रॉडक्शन म्युझिक, एपीएम, एक्स्ट्रीम, ऑडिओ नेटवर्क ही मोठी नावं, आणि त्यांच्याखाली छोट्या छोट्या कितीतरी.

आता ते ऐकणारा माणूस कोण? प्रोड्युसर वगैरे नंतर, आधी एडिटर. रात्री अकरा वाजता एपिसोड द्यायचाय, सर्चमध्ये "टेन्स, स्लो, नो व्होकल" टाकतो, पंधरा ट्रॅक समोर येतात, प्रत्येकाला पाच-दहा सेकंद देतो आणि पुढे जातो. आम्हाला सवय नाट्यसंगीताची, आधी ऑर्गनवर सूर, मग आलाप, मग हळूच पद, आणि उत्सवाच्या नाटकात लोक पहाटेपर्यंत ऐकतातही, पण इथे तुमचा आलाप संपायच्या आत तो एडिटर पुढच्या ट्रॅकवर गेलेला असतो. म्हणून मूड पहिल्या काही सेकंदांतच कळला पाहिजे. लांबी दोन-अडीच मिनिटं पुरे. दर आठ किंवा सोळा बारला काहीतरी बदलू द्या, एखादं वाद्य वाढवा नाहीतर काढा, म्हणजे त्याला कात्री लावायला जागा मिळते. शेवटी फेड आउट नको, ठाम सम घ्या आणि थांबा. आणि ट्रॅकवर कोणीतरी बोलणार आहे हे विसरू नका, चाल सतत नाचत राहिली तर निवेदन ऐकूच येत नाही.

एका ट्रॅकची एकच फाईल देऊन भागत नाही. पूर्ण मिक्स, लीड चाल काढलेला, ड्रम काढलेला, ६० सेकंदांचा, ३० चा, १५ चा, आणि शेवटचा ठेका तेवढा वेगळा कापून स्टिंग म्हणून. स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या गटाची वेगळी फाईल, पण काढून ठेवा, मागतात. फॉरमॅट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, व्हिडिओचं काम ४८ वरच चालतं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण प्रोजेक्ट उघडा असतानाच हे करून टाकलं तर तासाभराचं काम आहे, सहा महिन्यांनी प्लगइन अपडेट झाल्यावर तेच काम दोन दिवस खातं.

काय पाठवायचं ह्यावर माझं मत जरा कडक आहे. गोवा म्हणजे युकुलेली, शिट्टी आणि समुद्र, असले ट्रॅक लायब्ऱ्यांकडे हजारोंनी पडलेत, त्यात तुमची भर नको. आपल्याकडे जे आहे ते पाठवा ना! घुमट (मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य), शमेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कासाळें (झांजा) ह्यांचा आवाज एडिटरच्या ओळखीचा नाही आणि चतुर्थीला अर्धं गाव ते वाजवतं, म्हणजे वाजवणारे शोधायलाही जायला नको. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं, आता ते बेकायदेशीर, त्यामुळे बकऱ्याच्या कातड्याचंच घ्या. रेकॉर्डिंग शक्यतो पाऊस गेल्यावर करा, दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, शिवाय घराला पत्रे असतील तर पावसात माईक लावण्यात अर्थच नाही. एक माईक कातड्याकडे, थोडा तिरका, आणि दुसरा मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडाकडे. वाजवणारा ते तोंड हाताने झाकतो-उघडतो तेव्हा जो खालचा घुमारा येतो तो ह्या दुसऱ्या माईकवरच नीट पकडला जातो, आणि खरी मजा त्यातच आहे. दुसऱ्या माईकचा फेज तपासून घ्या, उलटा असला तर घुमारा गायब होतो. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत गेला की मग सुरू करा म्हणजे टेक फुकट जात नाही.

पण मेटाडेटात, म्हणजे ट्रॅकसोबत जोडायच्या माहितीत, नुसतं "घुमट" लिहून सोडू नका. मुंबईचा एडिटर हा शब्द सर्च करणार नाही आणि लंडनचा तर नाहीच. हँड ड्रम, क्ले पॉट, इंडियन फोक, फेस्टिव्ह, व्हिलेज, प्रोसेशन, असे साधे इंग्रजी शब्द टाका, बीपीएम टाका, मूड टाका आणि घुमट हे नाव वर्णनात ठेवा.

एक सावधगिरी. ठेका घ्या, चाल घेऊ नका. आपल्याकडे लोकगीत म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं कोणाचं तरी असतं, विशेषतः तियात्रातली (कोंकणी नाटकातली) कांतारं, म्हणजे गाणी, लोक पिढ्यान्पिढ्या गातात म्हणून ती बेवारशी होत नाहीत. भारतात रचनेवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मांडो, दुलपद असं गोव्याचं पारंपरिक गाणं जुनं असलं तरी कोणी कधी रचलं ते खात्रीने सांगता येत नसेल तर हात लावू नका, कारण करारात तुम्ही लिहून देणार असता की हे शंभर टक्के माझं आहे, उद्या दावा आला तर लायब्ररी तुमच्याकडे बोट दाखवणार. वाजवणाऱ्यांकडून सही पण त्याच दिवशी घ्या. आमच्या वाड्यावरचे घुमटवाले काका म्हणाले, "कागद कित्याक रे, आपलोच मरे तूं?" त्यांना सांगितलं, काका, विदेशातले लोक सही नसेल तर ट्रॅकच घेत नाहीत, आणि तुमचं नाव पण त्यात राहील. मग केली. एकेकाळी मुंबईच्या फिल्म इंडस्ट्रीत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा असे आमचे गोंयकार अरेंजर म्हणून राबले आणि पडद्यावर त्यांचं नाव शोधावं लागतं, तेव्हा काकांचं नाव क्रेडिटमध्ये टाकायला मी तरी चुकत नाही.

पैशाची बाजू. दोन प्रकार आहेत. एक सिंक फी, ट्रॅक वापरायची परवानगी म्हणून लायब्ररीला मिळते आणि करारात असेल तसा तुमचा वाटा, बऱ्याच ठिकाणी निम्मा. दुसरं म्हणजे प्रत्येक प्रसारणामागची रॉयल्टी, ती आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ह्या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडून येते. आयपीआरएस १९६९ पासूनची आहे, मेंबरशिपचा अर्ज ऑनलाइन होतो, आणि परदेशातल्या सोसायट्यांशी तिचे करार असल्यामुळे तिकडे वाजलेल्याचे पैसेही तिच्यामार्फत येतात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकाराचा हा रॉयल्टीचा हक्क बराच पक्का केलाय. पण एक गोष्ट आधीच बघा, काही रॉयल्टी-फ्री (एकदाच पैसे घेऊन ट्रॅक वापरू देणाऱ्या) लायब्ऱ्यांना कुठल्याच सोसायटीचा मेंबर नसलेला संगीतकार हवा असतो. मेंबर झालात की प्रसारणाचे हक्क तुम्ही सोसायटीकडे दिलेले असतात, मग असल्या लायब्ररीच्या करारावर सही करता येत नाही. टीव्ही हेच ध्येय असेल तर मी म्हणेन आधी आयपीआरएस.

लायब्ररी निवडताना त्यांचा कॅटलॉग तासभर तरी ऐका. तुमच्यासारखंच शंभर असेल तर कशाला घेतील, आणि तसलं काहीच नसेल तर त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. साइटवर सबमिशनचं पान असतं, तिथे जे सांगितलंय तेच करा. पाँड५ सारख्या ठिकाणी स्वतः अपलोड करता येतं, हात बसायला ठीक, पण गर्दी प्रचंड.

मेल इंग्रजीत आणि पाच ओळींचा. मजकूर साधारण असा: "मी गोव्यातला संगीतकार, आयपीआरएस मेंबर. तुमच्या इंडियन फोक कॅटलॉगमध्ये ढोल-ताशा भरपूर दिसले, मातीच्या घुमटाचं मात्र काही दिसलं नाही. चार ट्रॅक सोबतच्या लिंकवर आहेत, सगळे माझेच, वाजवणाऱ्यांच्या सह्या घेतलेल्या, स्टेम्स आणि छोटी व्हर्जन तयार. आणखी सहा ट्रॅक महिन्याभरात देऊ शकतो." बस. अटॅचमेंट नको, स्ट्रीम होणारी लिंक द्या आणि ती आठवड्यात एक्स्पायर होणारी नको. लहानपणापासूनचा प्रवास, गुरूंची यादी, कला अकादमीतली बक्षिसं ह्यातलं काही नको. वीस लायब्ऱ्यांना एकाच मेलमध्ये सीसी करणारे पण पाहिलेत मी, देवा! तीन-चार आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर गप्प बसा आणि दुसरीकडे पाठवा.

उत्तर आलं की आनंदात सही करून मोकळे होऊ नका. एक्सक्लुझिव्ह आहे का, म्हणजे तो ट्रॅक दुसऱ्या कोणाला देता येणार नाही असं आहे का, किती वर्षांसाठी, आणि मुदत संपल्यावर ट्रॅक परत मिळतो का ते बघा. कायमचा देत असाल तर हातात काहीतरी रक्कम आली पाहिजे. रॉयल्टीतला पब्लिशरचा हिस्सा लायब्ररी घेते ते रीतीचं आहे, रायटरचा, म्हणजे संगीतकार म्हणून तुमचा, हिस्सा मागितला तर नाही म्हणा. नॉन-एक्सक्लुझिव्ह वाले तोच ट्रॅक नवीन नाव देऊन विकतात, मग एकच ट्रॅक चार नावांनी फिरतो आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (म्युझिक कोणाचं ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) घोळ होतो, मोठे चॅनल म्हणून त्यापासून लांब राहतात. ट्रॅक घ्यायचे पैसे जी लायब्ररी तुमच्याकडेच मागते तिला सरळ ब्लॉक करा. अमेरिकेतली असेल तर डब्ल्यू-८बेन हा तिथला कराचा फॉर्म भरून पाठवा, पॅन नंबर टाका, नाहीतर तिथे ३० टक्के कापतात, भारताबरोबरच्या कर करारामुळे रॉयल्टीवर ते १५ वर येतं.

नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो तेव्हा पणजीत फिल्म बझार ह्या त्याच्यासोबतच्या बाजारासाठी देशभरचे डॉक्युमेंटरीवाले येतात, घरापासून बसच्या तिकिटाएवढ्या अंतरावर. तिथे लायब्ररीशिवाय थेट पण काम जमतं, फक्त एक्सक्लुझिव्ह दिलेले ट्रॅक तिथे वाटू नका.

ट्रॅक लागला की क्यू शीट मागा. कुठल्या एपिसोडमध्ये किती सेकंद कोणाचं म्युझिक वाजलं तो कागद म्हणजे क्यू शीट, रॉयल्टी त्यावरच ठरते, आणि आपल्याकडे ती वेळेवर भरली जाईलच असं नाही. नावाचं स्पेलिंग आणि आयपीआय नंबर (सोसायटीत संगीतकाराला मिळणारा ओळख क्रमांक) तपासा. पैसे यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, म्हणून एक शीट करून ठेवा, ट्रॅकचं नाव, कुठे दिला, कधी, करार कधी संपतो, म्हणजे दुसरा कोणी तोच ट्रॅक मागायला आला तर जुने मेल उपसत बसायला नको.