अडेनिया ग्लोबोसा: पानं नाहीत म्हणून पाणी घालू नका

केनिया, टांझानिया, इथिओपिया आणि सोमालियातल्या कोरड्या झुडपी रानात अडेनिया ग्लोबोसाचं हिरवं, खडबडीत खोड जमिनीवर धोंड्यासारखं बसलेलं असतं आणि वरून काटेरी फांद्यांचं जंजाळ सुटलेलं असतं. हे झाड कृष्णकमळाच्या कुळातलं आहे, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

कुंडीत ते मरतं ते बहुधा पाण्याने. याची पानं इवलीशी असतात आणि लवकर गळतात. अन्न तयार करण्याचं काम हिरव्या फांद्या आणि खोडाची हिरवी साल करते. बोडकं झाड तहानलेलं वाटतं, म्हणून पाणी घातलं जातं. थंडीत वाढ थांबलेली असताना मुळं ते ओढत नाहीत, माती ओली राहते आणि कूज सुरू होते. म्हणून पानांऐवजी फांद्यांचे शेंडे बघा. शेंडा कोवळा असून पुढे सरकत असेल, तर कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या आणि माती पूर्ण सुकल्यावरच पुन्हा द्या. शेंडा थांबला की हात आखडता घ्या. तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली राहत असेल, तर कुंडी कोरडीच ठेवा.

शंका आली तर खोड अंगठ्याने दाबा. सगळीकडून थोडंसं दबत असेल तर ती तहान. एकाच जागी, विशेषतः मातीलगत, मऊ आणि तपकिरी लागलं तर ती कूज. मग वाट बघू नका: झाड उपटा, निरोगी गर दिसेपर्यंत कापा आणि जखम सावलीत, वाऱ्यावर नीट सुकू द्या. हातमोजे हवेतच. याचा रस विषारी आहे. अडेनियाच्या काही जातींत पेशींमधली प्रथिननिर्मिती बंद पाडणारी व्होल्केन्सिन, मोडेक्सिनसारखी विषं सापडली आहेत.

मोठी कुंडी आणि शेणखताने भरलेली माती, दोन्ही नकोत. मातीत निम्म्याहून जास्त भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा जाड खड्यांचा असू द्या.

रानात खोडावर स्वतःच्याच फांद्यांची सावली असते. फांद्या छाटून उघडं खोड एकदम कडक उन्हात ठेवलं, तर साल भाजते आणि तो डाग जात नाही. ऊन फांद्यांना द्या, खोडाला हळूहळू सवय लावा.

फांदी रुजते, पण तिला गोल खोड धरायला फार वेळ लागतो. छान आकार हवा असेल तर बियांचं रोप घ्या. आणि नर-मादी झाडं वेगवेगळी असतात, तेव्हा एकट्या झाडाकडून बियांची अपेक्षा ठेवू नका.