एपीआयचा आकडा जुनाच का दिसतो?

खात्यातल्या दहा पोस्ट उडवल्या, तरी एपीआय (प्रोग्रॅमला सर्व्हरकडून माहिती मागवून देणारी सोय) जुनीच संख्या सांगतोय? लगेच कोडमध्ये चूक शोधू नका. प्रत्येक विनंतीला सगळं नव्याने मोजणं सर्व्हरला परवडत नाही. बेरीज ठरावीक वेळाने करून कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात. उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत येणाऱ्या तपशिलांत, ‘एज’ (उत्तराचं वय, सेकंदांत) दिसतंय का बघा. तिथे ३०० असेल, तर ते उत्तर ५ मिनिटांपूर्वीचं आहे. ‘मॅक्स-एज’ त्याची मुदत सांगतं, आणि तोवर सारखं विचारत राहिलात तर फक्त तुमच्या विनंत्यांचा कोटा संपतो. कोड ठेवायची साइट गिटहब त्यातल्या त्यात प्रामाणिक: रिपॉझिटरीची (एका प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याची) आकडेवारी तयार नसेल तर २०२ हा स्टेटस कोड पाठवतं, म्हणजे जरा वेळाने या. बदल झालाय का हेच पाहायचं असेल, तर बेरीज सोडा, ती एक नोंद आयडी देऊन मागवा. ती बहुधा ताजी मिळते.