बायोडिझेलमध्ये ॲडिटिव्ह कसं घालावं, कधी घालावं

गेल्या डिसेंबरात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत पहाटे वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि पाच मिनिटांत धापा टाकत बंद पडला. टाकीत बी-२० होतं, म्हणजे ८० टक्के डिझेल आणि २० टक्के बायोडिझेल (वनस्पती तेल किंवा चरबीपासून केलेलं इंधन). फिल्टर उघडला, तर कागदाच्या घड्यांवर थिजलेल्या तुपासारखा पांढरट थर. आदल्या आठवड्यात त्या टाकीत मीच थंडीचं ॲडिटिव्ह, म्हणजे इंधन थिजू नये म्हणून त्यात थोडंसं मिसळायचं रसायन, ओतलं होतं, पण सकाळच्या गारठ्यात, थंड इंधनात. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात इंजिनाच्या पुस्तिकेपासून करा. आपल्याकडच्या बीएस-६ (भारत स्टेज-६, प्रदूषणाचे निकष) डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. त्याहून जास्त मिश्रण तुमच्या इंजिनाला मान्य आहे का, हे कंपनीला विचारा. जुन्या इंजिनात रबरी नळ्याही बघा, कारण साधं रबर बायोडिझेलने फुगतं.

मग बाटलीची परीक्षा. टाकीच्या तळातून अर्धा लिटर इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर गच्चीवर ठेवा. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेवढी थंडी पुरते. सकाळी इंधन गढूळ दिसलं, तर बाटली घरात आणून तासभर तशीच ठेवा. निवळलं तर ते थिजलेलं मेण होतं, म्हणजे इंधनातलाच थंडीत गोठणारा भाग. ऊब मिळूनही गढूळच राहिलं, किंवा तळाला थेंब जमले, तर पाणी आहे. मग वासही घ्या. दिवाळीतला चिवडा उशिरा खाल्ला की येतो तसा खवट वास आला, तर इंधन हवेने बिघडलंय.

पाणी निघालं तर आधी ते काढायचं. टाकीचा तळ आणि वॉटर सेपरेटर (इंधनातलं पाणी वेगळं करणारा भाग) दोन्ही मोकळे करा. पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा बुळबुळीत गाळ होतो. जंतुनाशक ॲडिटिव्ह मिळतं, पण टाकी न धुता ते ओतलं तर मेलेला गाळ थेट फिल्टरवर येऊन बसतो. हे जंतुनाशक विषारी असतं, हातमोजे आणि चष्मा हवाच.

खवटपणा थांबवणारं ॲडिटिव्ह, म्हणजे अँटिऑक्सिडंट, ताज्या मालातच घालावं. खवट शेंगदाणा पुन्हा गोड होत नाही, तसंच इंधनाचंही आहे. पिंप महिनोन्महिने ठेवायचं असेल तर माल आल्या दिवशीच घाला. तांब्या-पितळेची भांडी आणि नळ टाळा, या धातूंमुळे बिघाड वेगाने होतो.

थंडीचं ॲडिटिव्ह इंधन उबदार असतानाच घालावं लागतं. मेणाचे कण एकदा तयार झाले की त्याचा उपयोग होत नाही. म्हणून दुपारी घाला. पामतेलापासून केलेल्या बायोडिझेलवर मात्र त्याचा परिणाम बेताचाच असतो. तिथे हिवाळ्यात बायोडिझेलचं प्रमाणच कमी करावं, बी-२० ऐवजी बी-१०. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.

सीटेन, म्हणजे इंधन इंजिनात किती चटकन पेटतं त्याचा आकडा, वाढवणाऱ्या बाटल्यांवर सहसा पैसे घालू नका. बायोडिझेलच्या मानकातच सीटेन किमान ५१ लागतो, बीएस-६ डिझेलचाही तेवढाच.

मात्रा मोजूनच घाला. लेबलवर १,००० लिटरला १ लिटर लिहिलं असेल, तर २०० लिटरच्या पिंपाला २०० मिली. जास्त घातल्याने जास्त गुण येत नाही. आधी बादलीभर इंधनात ॲडिटिव्ह नीट ढवळा, मग ते पिंपात ओता. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असतं, त्यामुळे मिश्रण करताना डिझेल आधी आणि बायोडिझेल वरून घातलं की ते खाली उतरताना मिसळत जातं. दोन कंपन्यांची ॲडिटिव्ह एकत्र करायची असतील, तर आधी बाटलीत करून रात्रभर थांबा. साका दिसला तर ती जोडी सोडून द्या.

पहिल्यांदा बायोडिझेल वापरताना जादा फिल्टर हाताशी ठेवा. ते टाकीतला वर्षानुवर्षांचा जुना मळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरवर येतो. त्या सोसायटीत आम्ही दोन आठवड्यांत दोन फिल्टर बदलले, टाकी बी-१० वर आणली, आणि आता दर शनिवारी सकाळी दहा मिनिटं जनरेटर चालवून बघतो.