हार्टवर्म झालेल्या कुत्र्याची विश्रांती कशी सांभाळायची

यजमानांची शेवटची बदली आसामातल्या तेजपूरला होती. निवृत्त होऊन देवळालीला परतलो तेव्हा शेरूही आमच्याबरोबर आला. पुढच्या पावसाळ्यात तो पहाटे खोकू लागला. मला वाटलं, घशात हाड अडकलं असेल. मग जिना चढताना मध्येच बसू लागला, तेव्हा रक्त तपासलं आणि हार्टवर्म निघाला.

हा जंत पोटातला नव्हे. तो डासांमार्फत पसरतो. अळ्या अंगात शिरल्यावर सहा-सात महिन्यांत फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत मोठ्या होतात. मादी २५-३० सेंटीमीटरपर्यंत वाढते. एका कुत्र्याच्या सहवासाने दुसऱ्याला तो होत नाही. ईशान्य भारतात हा आजार चांगलाच आढळतो, म्हणून तिकडून कुत्रा आणला असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. सुरुवातीच्या महिन्यांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा सहा-सात महिन्यांनी पुन्हा करून घ्या. आणि गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध अंदाजाने कधीही टोचू नका.

शेरूला आधी २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, सोबत डॉक्टरांनी ठरवलेलं स्टेरॉइड. पुढे मोठे जंत मारणाऱ्या मेलार्सोमिनची तीन इंजेक्शनं: एक दिल्यावर महिनाभराने लागोपाठ दोन दिवस दोन.

खरी काळजी इथून पुढे. मेलेले जंत एकदम विरघळत नाहीत. त्यांचे तुकडे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत अडकतात. कुत्रा धावला, उडी मारली, भुंकून बेजार झाला की रक्ताचा जोर वाढतो आणि धोकाही. इंजेक्शननंतर त्याला बरं वाटू लागतं, तो खेळायला मागतो, आणि आपलं मन पाघळतं. पाघळू देऊ नका.

आम्ही जिन्याला फळी लावली, दाराची बेल काढून ठेवली. शी-शूसाठी आखूड पट्ट्यावर अंगणात पाच मिनिटं, बस. नातवाला बजावलं, चेंडू दाखवायचाही नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन आठवड्यांत दिवाळी आली. शेरूला आतल्या खोलीत ठेवलं, खिडकीला गोधडी बांधली, रेडिओ लावला आणि मी तिथेच चटईवर झोपले. शांत करणारं औषध लागेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. शेवटच्या इंजेक्शननंतर सहा ते आठ आठवडे हे नेटाने पाळायचं.

इंजेक्शननंतरचे सात ते दहा दिवस सर्वांत नाजूक, पण महिनाभर लक्ष हवंच. ताप, खाणं सोडणं, धाप, खोकल्यातून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. उपचारांआधी असो वा मध्ये, लघवी काळ्या चहासारखी, हिरड्या पांढऱ्या आणि कुत्रा एकाएकी कोसळला, तर जंत हृदयात अडकून रक्ताची वाट अडली असण्याची शक्यता असते. तेव्हा मानेतल्या शिरेतून ते काढावे लागतात. सकाळची वाट पाहू नका, रात्रीच गाडी काढा.

नऊ महिन्यांनी, आषाढात, शेरूची तपासणी निगेटिव्ह आली. प्रतिबंधक गोळी मी दर महिन्याच्या एक तारखेला देते, दूधवाल्याचा हिशेब करते त्याच दिवशी.