बॉट चालू करण्याआधी या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यातली जूनची सकाळ, धो धो पाऊस. साडेनऊच्या सुमारास लाइट गेली. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण राउटर त्या लाइनवर नव्हता. माझ्या बॉटने, म्हणजे बाजारात आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रामने, निफ्टीच्या एका लॉटची (ठराविक संख्येच्या गठ्ठ्याची) खरेदीची ऑर्डर नुकतीच पाठवली होती आणि उत्तर यायच्या आत नेट तुटलं. चार मिनिटांनी नेट परत आलं. उत्तर नाही म्हणजे ऑर्डर गेलीच नाही, असं माझ्या कोडने धरलं आणि तीच ऑर्डर पुन्हा पाठवली. पहिली तर केव्हाच भरली होती. खात्यात दोन लॉट, बॉटच्या नोंदीत एक. दुपारी त्याने एक विकला आणि दिवसाचं काम संपवलं. दुसरा रात्रभर उघडा राहिला.

ऑटोमेटेड ट्रेडिंगचा विषय निघाला की लोक मला आधी इंडिकेटर (खरेदी-विक्रीचा इशारा देणारं सूत्र) विचारतात. मी आधी विचारतो: नेट तुटून परत आलं तर तुमचा बॉट पहिलं काय करतो? बहुतेकांनी यावर विचारच केलेला नसतो, आणि पैसे इथेच जातात.

बॉटने स्वतःच्या आठवणीवर विसंबू नये. सुरू होताना आणि प्रत्येक वेळी नेट परत आल्यावर त्याने ब्रोकरकडून ऑर्डर बुक (दिलेल्या ऑर्डरींची यादी) आणि पोझिशन (हातात असलेले सौदे) मागून घ्यावी, मगच पुढचं पाऊल टाकावं. प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा वेगळा टॅग द्या. उत्तर आलं नाही तर आधी तो टॅग ऑर्डर बुकात शोधायचा. सापडला नाही तरच पुन्हा पाठवायचं. दोन्हीकडच्या नोंदी जुळत नसतील तर नवी ऑर्डर बंद आणि तुमच्या मोबाइलवर मेसेज. दिवसाला जास्तीत जास्त किती ऑर्डर आणि किती तोटा, याची मर्यादा स्ट्रॅटेजीच्या कोडबाहेर ठेवा. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर जुना कोड राहून गेला होता. 1 ऑगस्ट 2012 ला त्याने 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून जास्त घालवले. चुकीच्या ऑर्डरींचा नळ वेळेत बंद झाला नाही, म्हणून आकडा तिथवर गेला.

आणि हे सगळं मुद्दाम तपासा. एका शेअरची ऑर्डर जाऊ द्या आणि त्याच क्षणी राउटरची पिन काढा.

बॅकटेस्ट फारच सुंदर दिसते

बॅकटेस्ट म्हणजे जुन्या भावांवर स्ट्रॅटेजीची चाचणी. तिच्यातला कागदावरचा नफा जिन्यासारखा चढत असेल तर मला आधी संशय येतो तो भविष्य गळून आत आल्याचा. पाच मिनिटांची 9:15 ची कॅण्डल (त्या पाच मिनिटांतल्या भावांची नोंद) 9:20 ला बंद होते, पण डेटामध्ये तिच्यावर वेळ 9:15 च असते. कोड तिचा क्लोज, म्हणजे शेवटचा भाव, वाचतो आणि 9:15 च्या भावाने खरेदी दाखवतो. जो भाव अजून घडलेलाच नाही, त्यावर निर्णय! सिग्नल एक कॅण्डल पुढे सरकवा आणि खरेदी पुढच्या कॅण्डलच्या ओपनला (पहिल्या भावाला) धरा. तेवढ्याने नफा नाहीसा झाला तर तो नफा कधी नव्हताच.

दुसरी गळती शेअरच्या यादीतून येते. आजच्या निफ्टी 50 ची यादी घेऊन 2015 पासून चाचणी केली तर मार्च 2020 मध्ये निर्देशांकातून बाहेर गेलेली येस बँक तुमच्या चाचणीत येतच नाही. पडलेले आधीच गाळलेले असतात. बोनस आणि स्प्लिटसाठी भाव सुधारलेला आहे का, तेही बघा. रिलायन्सचा 1:1 बोनस ऑक्टोबर 2024 मधला. कच्च्या डेटात तिथे भाव एका रात्रीत निम्मा झालेला दिसेल आणि बॉट त्याला मंदी समजेल.

13 आणि 34 कॅण्डलच्या भावांच्या सरासरीवर नफा, पण 12 आणि 33 वर तोटा? मग स्ट्रॅटेजीने जुना डेटा पाठ केला आहे. शेवटचा एक तृतीयांश डेटा बाजूला ठेवा आणि अगदी शेवटी, एकदाच वापरा.

बॉट चुकीच्या दिवशी जागा किंवा झोपलेला

गोव्यात हे सहज होतं, कारण आपलं कॅलेंडर मुंबईशी जुळत नाही. 7 मे 2024 ला आपण मतदान केलं तेव्हा बाजार चालू होता. 20 मे ला मुंबईत मतदान म्हणून बंद. चवथीला आपण दोन-तीन दिवस घरच्या माटोळीखाली असतो, पण बाजाराची सुट्टी एकाच दिवसाची. सुट्ट्यांची यादी एक्स्चेंजचीच घ्या.

एक्स्पायरीचा (करार संपण्याचा) वार आणि लॉटचा आकडा कोडमध्ये कधीच हाताने लिहू नका. निफ्टीची एक्स्पायरी 1 सप्टेंबर 2025 पासून गुरुवारवरून मंगळवारी आली. 2024 या एकाच वर्षात निफ्टीचा लॉट 50 वरून 25 आणि पुढे नव्या करारांसाठी 75 झाला. ब्रोकरची इन्स्ट्रुमेंट यादी (सगळ्या शेअर-करारांचे तपशील) रोज सकाळी उतरवून घ्यायची, त्यातून वाचायचं. सर्व्हर यूटीसी वेळेवर असेल तर आपले 9:15 म्हणजे तिथले 3:45.

स्टॉपलॉस लागला, पण पोझिशन तशीच

ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या करारांत) एनएसई या एक्स्चेंजने सप्टेंबर 2021 पासून मार्केट स्टॉपलॉस, म्हणजे मिळेल त्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर, बंद केला. आता ट्रिगरसोबत (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) लिमिट (टोकाचा मान्य भाव) द्यावी लागते. भावाने लिमिट ओलांडून उडी मारली की ऑर्डर लटकून राहते. काही सेकंदांत भरली नाही तर लिमिट बदलणारा कोड हवाच, आणि त्या वाईट भावाचं स्लिपेज (अपेक्षित आणि मिळालेल्या भावातला फरक) बॅकटेस्टमध्येही धरा. सोबत ब्रोकरेज आणि एसटीटी (व्यवहारावरचा कर).

घरच्या ब्रॉडबँडवरून ऑर्डर नाकारल्या जात असतील तर आयपी बघा. बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाने एपीआयसाठी (बॉट ज्या दारातून ब्रोकरला ऑर्डर देतो) स्थिर आयपीची, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याची, अट आणली, आणि घरचा आयपी राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. मी मुंबईतला क्लाउड सर्व्हर घेतला. लाइटचा प्रश्नही त्यातच सुटला.

पेपर ट्रेडिंगनंतर (खऱ्या पैशांशिवायच्या सरावानंतर) पहिला महिना सर्वांत लहान आकारातच चालवा. रोज संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेली दिवसाच्या व्यवहारांची पावती) आणि बॉटची नोंद शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवा. एकही ओळ जास्तीची निघाली तर कारण सापडेपर्यंत बॉट बंद. त्या जूनमध्ये मी नोट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. आता ती त्याच रात्री, जेवणाआधी बघतो.