अंगणातील सावलीच्या झाडाची निवड: पावसाळ्यापूर्वीची तयारी

पुण्याच्या आसपासच्या वसाहतींत दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर बंगला बांधला की चहूबाजूंनी जी मोकळी पट्टी उरते, तिलाच आपण अंगण म्हणतो. या पट्टीत एखादेच मोठे झाड मावते. त्यामुळे रोप आणण्याआधी झाडाच्या नावाचा विचार बाजूला ठेवून सावली नेमकी कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि घराच्या कोणत्या भागावर हवी आहे, हे कागदावर लिहून काढावे. बहुतेक घरांत याचे उत्तर एकच येते: एप्रिल-मे, दुपारी तीन ते सहा, पश्चिमेची भिंत.

हे उत्तर मिळाले की यादीतील बरीच लोकप्रिय नावे आपोआप गळतात. बहावा मे महिन्यात सोन्याच्या झुंबरांनी लगडलेला असतो खरा, परंतु त्या वेळी त्याच्या अंगावर पाने जवळजवळ नसतात. पांगारा, पळस आणि काटेसावर ऐन फुलोऱ्यात निष्पर्ण असतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहरही उन्हाळ्याच्या आरंभी उघडाबोडकाच असतो. त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. आमच्या अंगणातला गुलमोहर वळिवाच्या एका संध्याकाळी कुंपणावर आडवा झाला, म्हणूनच ही तयारी आम्हाला नव्याने करावी लागली. शोभेचे झाड म्हणून या सर्वांना माझा नमस्कार असला, तरी सावलीचे झाड म्हणून मी त्यांची शिफारस करणार नाही.

याउलट कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते आणि उन्हाचा खरा तडाखा सुरू होईपर्यंत त्याला नवी पालवी फुटलेली असते. करंजही साधारण याच सुमारास पाने बदलून पोपटी होतो आणि एप्रिलपासून गर्द सावली धरतो. त्याच्या फुलांचा सडा रोज झाडावा लागतो, एवढी एक तक्रार मात्र घरातून ऐकून घ्यावी लागेल. बकुळ सदाहरित, आटोपशीर आणि सुगंधी आहे, पण फार सावकाश वाढते. घर बांधणाऱ्याने लावावी आणि सावलीत त्याच्या मुलांनी बसावे, अशी तिची चाल आहे. जांभळाची सावली उत्तम असली तरी त्याखाली गाडी लावायची असेल किंवा पांढरी फरशी असेल, तर त्या मोहात पडू नये. वड, पिंपळ आणि उंबर यांना मोठे मैदान हवे. भिंतीच्या भेगेत शिरणारी त्यांची मुळे या पट्टीत परवडणारी नाहीत.

जागा ठरवताना सूर्याचा मार्ग लक्षात घ्यावा. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि दुपारनंतर पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे झुकत उतरतो. डिसेंबरात मात्र तो नैऋत्येकडे कललेला असतो. म्हणजे झाड घराच्या पश्चिमेला, थोडे वायव्येकडे सरकवून लावले, तर उन्हाळ्याची दुपार अडते आणि थंडीतले हवेसे ऊन घरात येत राहते. मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास पंचवीस फूट उंचीच्या झाडाची सावली अंदाजे तीस फूट लांब पडते, त्यामुळे खोड भिंतीला चिकटून असण्याची काहीच गरज नाही. पंधरा-वीस फुटांवरचे झाडही भिंत झाकते. इतके अंतर आपल्या हद्दीत मिळत नसेल, तर मोठ्या झाडाचा हट्ट सोडून बकुळीसारख्या लहान घेराच्या झाडाकडे वळावे. निवडलेल्या ठिकाणी खुंटी ठोकून डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा, जमिनीखालील पाण्याची टाकी, शोषखड्डा, सांडपाण्याची वाहिनी आणि शेजाऱ्याची भिंत यांपासूनचे अंतर मोजावे. शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलेले केव्हाही बरे, कारण पाने कुंपण पाहून पडत नाहीत.

ही मोजमापे घाईत उरकू नयेत, याला कायदेशीर कारणही आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागांत झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा लागू असून स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

खड्डा एप्रिल-मेमध्येच, तीन फूट लांब, रुंद आणि खोल असा खणून उन्हात तापू द्यावा. खणताना खाली मुरूम लागतो, काळी चिकणमाती लागते की कातळ, हे पाहावे. नंतर खड्डा पाण्याने भरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच साचलेले दिसले, तर निचऱ्याची सोय केल्याशिवाय किंवा जागा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड आधीच आणून ठेवावी.

रोपवाटिकेत सर्वांत उंच रोपाकडे हात जातो, तो आवरावा. पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल फिरून स्वतःलाच आवळत असतात, म्हणून चार-पाच फुटांचे, जाड बुंध्याचे, सरळ शेंड्याचे रोप मागावे आणि शक्य असल्यास पिशवी थोडी उघडून मुळे दाखवायला सांगावे. लागवड जूनचा पहिला पाऊस मुरल्यावर करावी. प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढावी, बुंध्याचा मुळांकडे रुंदावणारा भाग मातीत गाडू नये आणि बांबूचा आधार सुतळीने सैलसर बांधावा. मोकाट गुरे येत असतील तर जाळी हवीच.

यादीत शेवटची नोंद पाण्याची आहे. पहिले दोन-तीन उन्हाळे आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालून आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावे लागते, तेव्हा मे महिन्यात गावी जाण्याची प्रथा असेल, तर त्या दिवसांत पाणी कोण घालणार, हे रोप आणण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.